पोलिसांनीं प्रत्येक हांकेस धांवून यावें काय?

संकटांत सांपडलेल्या मनुष्यानें हांक मारावी आणि राज्याच्या रक्षकानें तत्काळ धांवून यावें, ही अपेक्षा सर्व सुधारलेल्या राष्ट्रांत रूढ झाली आहे. म्हणून अमुक शहराच्या पोलिसांनीं किरकोळ तक्रारींसाठीं माणूस पाठविणें कमी केलें, अशी वार्ता कानीं आली म्हणजे पुष्कळांस तो कर्तव्याचा त्याग वाटतो. तो खरोखर तसा आहे काय, याचा विचार विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या आईबापांनीं शांतपणें करावा, एवढ्यासाठीं हा लेख आहे.

या अपेक्षेचा इतिहास फार जुना नाहीं. ता. १० नोव्हेंबर १९३५ रोजीं लंडनमध्यें विम्पोल स्ट्रीट येथील एका घरास आग लागून पांच स्त्रिया मृत्युमुखीं पडल्या. एका शेजाऱ्यानें टेलिफोन केला होता. परंतु इतरांच्या साध्या निरोपांबरोबर त्याचीही हांक केंद्रांत खोळंबून राहिली. त्यानें ही हकीकत 'टाइम्स' पत्रास कळविली, लोकांत चर्चा झाली, आणि ता. ३० जून १९३७ पासून लंडनमध्यें ९९९ हा स्वतंत्र क्रमांक सुरू झाला. अमेरिकेंत ९११ या क्रमांकाचा पहिला उपयोग ता. १६ फेब्रुवारी १९६८ रोजीं अलाबामा संस्थानांतील हेलीव्हिल गांवीं झाला. लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, अशा क्रमांकाचा जन्मच मुळीं निकडीची हांक साध्या हांकांच्या गर्दींतून वेगळी काढण्यासाठीं झाला.

पुढें मात्र उलट घडलें. क्रमांक सोपा, मदत फुकट. तेव्हां हरवलेली छत्री, शेजाऱ्याचा कर्कश रेडिओ, दारांत आडवी उभी केलेली मोटार, या सर्वांसाठीं लोक तोच क्रमांक फिरवूं लागले. पोलिसांच्या गाड्या या कामांत गुंतल्या म्हणजे जेथें खरोखर घाला पडला आहे तेथें पाठविण्यास गाडी उरत नाहीं.

शिवाय, त्वरेनें जाण्याचा उपयोग तरी किती होतो? अमेरिकेंतील जॅक्सनव्हिल, पिओरिया, रॉचेस्टर व सॅन डिएगो या चार शहरांत याचा अभ्यास करण्यांत आला. त्यांत असें दिसून आलें कीं, गंभीर गुन्ह्यांपैकीं सुमारें तीन चतुर्थांश गुन्हे चोर निघून गेल्यावरच उघडकीस येतात. उरलेल्या प्रसंगींही लोक गोंधळून जाऊन पोलिसांस कळविण्यापूर्वीं मोलाचीं मिनिटें दवडतात. पोलीस त्वरित आल्यामुळेंच अटक झाली, अशा गुन्ह्यांचें प्रमाण शेंकडा तीनपेक्षांही कमी भरलें.

यानंतर, इ. स. १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत, कॅलिफोर्नियांतील गार्डन ग्रोव्ह, नॉर्थ कॅरोलायनांतील ग्रीन्सबरो व ओहायोंतील टोलीडो या शहरांत एक प्रयोग झाला. टेलिफोनवर बसणाऱ्यांस ठराविक प्रश्न विचारण्याचें शिक्षण देण्यांत आलें. गुन्हा आतां चालू आहे काय? कोणास इजा झाली आहे काय? गुन्हेगार जवळपास आहे काय? उत्तरें पाहून कोठें गाडी लगेच पाठवावयाची, कोठें कांहीं वेळानें, आणि कोठें टेलिफोनवरच सर्व हकीकत लिहून घ्यावयाची, हें ठरे. लोक रागावतील ही भीति खोटी ठरली. बहुतेक नागरिकांनीं समाधान दर्शविलें. ज्यास आधींच खरें सांगितलें जातें, तो उशीर सोसतो. ज्यास 'आलोंच' म्हणून ताटकळत ठेविलें जातें, तो सोशीत नाहीं. शाळेंत व घरींही हा अनुभव निराळा नाहीं.

चोर आल्याची सूचना देणाऱ्या यांत्रिक घंटांची कथा अशीच आहे. त्यांपैकीं बहुतेक घंटा वारा, मांजर किंवा घरधन्याचा विसरभोळेपणा यांमुळें वाजतात. म्हणून इ. स. २००० च्या अखेरीस सॉल्ट लेक सिटीच्या पोलिसांनीं असा नियम केला कीं, खाजगी रखवालदारानें खात्री करून घेतल्यावांचून नुसत्या घंटेवरून पोलीस जाणार नाहींत.

परंतु येथेंच सावध राहिलें पाहिजे. 'किरकोळ' हा शब्द उच्चारणें फार सोपें आहे. इंग्लंड व वेल्समध्यें इ. स. २०१० पासून पुढील आठ वर्षांत पोलिसांची संख्या सुमारें वीस हजारांनीं घटली. ज्यांच्या घरीं चोरी झाली त्यांस पुष्कळदां केवळ नोंदीचा क्रमांक मिळे, दारीं कोणी येत नसे. लोकांचा विश्वास ढळूं लागला. अखेर ऑक्टोबर १९२२ नव्हे, तर अगदीं अलीकडे, ऑक्टोबर २०२२ मध्यें, घरफोडीच्या प्रत्येक प्रसंगीं पोलीस जातील असें तेथील पोलीस प्रमुखांस जाहीर करावें लागलें. चोरीस गेलेली वस्तु कदाचित् अल्प मोलाची असेल. पण परका माणूस आपल्या घरांत शिरला होता, ही जाणीव अल्प नसते. त्याचप्रमाणें ज्या मजुराची सायकल गेली त्याची उद्यांची रोजीच गेली. आणि जी स्त्री टेलिफोनवर चाचरत बोलते, तिच्याजवळ तिला धमकावणारा उभा असूं शकेल. म्हणून वर्गवारी करणारा मनुष्य तोलून ऐकणारा हवा.

दुसरी अट अशी कीं, पोलीस जेथून मागें सरतात तेथें दुसरा योग्य हात पुढें आला पाहिजे. मानसिक रोग्यास शिपायापेक्षां वैद्याची गरज अधिक, या विचारानें हंबरसाइड परगण्याच्या पोलिसांनीं इ. स. २०२० मध्यें एक योजना आंखली, व ता. १ नोव्हेंबर २०२३ पासून लंडनच्या पोलिसांनींही ती स्वीकारली. जिवास तत्काळ धोका असेल तर पोलीस जातात; एरवीं तें काम आरोग्यखात्याचें. विचार योग्य आहे. पण वैद्य तयार नसेल तर रोगी दोन बंद दारांच्या मध्यें उभा राहील.

आपल्या देशांत निकडीच्या मदतीसाठीं ११२ हा क्रमांक आहे. ता. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमान्वयें गुन्ह्याची खबर इलेक्ट्रॉनिक साधनांनींही देतां येते; मात्र खबर देणाऱ्यानें तीन दिवसांच्या आंत तीवर सही केली पाहिजे. नोंदलेल्या खबरीची प्रत त्यास विनामूल्य मिळते. यावरून एक भेद स्पष्ट होतो. पोलीस दारीं न येणें ही एक गोष्ट, आणि तक्रार न ऐकणें ही दुसरी. पहिली कित्येकदां शहाणपणाची असते. दुसरीस क्षमा नाहीं.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायांत याच जातीचा प्रसंग आहे. रोजच्या वांटणींत कांहीं विधवांची उपेक्षा होते, अशी कुरकुर यरुशलेमेंतील मंडळींत उठली. प्रेषितांनीं आपलें मुख्य काम सोडून पंगतीची सेवा पत्करिली नाहीं. परंतु कुरकुर क्षुद्र म्हणून झिडकारिलीही नाहीं. सात विश्वासू माणसें निवडून तें काम त्यांजवर सोंपविलें, आणि विधवांची सोय झाली. नगररक्षणाच्या कामींही हाच मार्ग सुरक्षित आहे.

विद्यार्थिमित्रांनो, यांत तुमचाही वांटा आहे. निकडीचा क्रमांक थट्टेनें फिरवूं नका; त्या क्षणीं कोणाच्या तरी घरास आग लागलेली असूं शकेल. खरेंच संकट आलें तर प्रथम ठिकाण सांगा, मग काय घडलें तें सांगा, आणि विचारलेल्या प्रश्नांचीं उत्तरें धीरानें द्या. काम निकडीचें नसेल तर तें चौकीवर जाऊन किंवा लिहून कळवा, आणि त्याची नोंद झाली कीं नाहीं हें अवश्य पाहा. आपली पाळी मागें ठेवून दुसऱ्याच्या संकटास वाट देणें, हीही शेजारधर्माचीच सेवा होय.