फिलिप मेडोज टेलर यांचे घराणे

फिलिप मेडोज टेलर (१८०८–१८७६) हे ब्रिटिश प्रशासक व कादंबरीकार होते. त्यांचे वडील लिव्हरपूल येथील व्यापारी होते. १८५३च्या तहाने निजामाकडून इंग्रजांकडे आलेल्या नळदुर्ग जिल्ह्याचा (पुढील उस्मानाबाद, आताचा धाराशिव) कारभार टेलर यांनी पाहिला. त्यांच्या पत्नी मेरी या हैदराबादचे सावकार विल्यम पामर यांच्या कन्या होत. पामर यांचे वडील जनरल विल्यम पामर हे पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचे रेसिडेंट होते, तर आई फैज बख्श या हिंदुस्थानातील मुस्लिम कुलीन स्त्री होत्या. त्यामुळे टेलर यांच्या अपत्यांना इंग्रज व हिंदुस्थानी असा दुहेरी वारसा लाभला. कन्या अ‍ॅलिस यांनी संपादित केलेले टेलर यांचे आत्मचरित्र त्यांच्या निधनानंतर १८७७ मध्ये प्रसिद्ध झाले. नळदुर्ग परिसरातील त्यांच्या कारकिर्दीचे वर्णन त्यात आहे.