गुग्गुळाचा ठिपका

सांधे धरले की योगराज गुग्गुळाच्या गोळ्या आणायच्या, एवढीच या औषधाशी आपल्या घरांची ओळख. गोळीतला डिंक ज्या झुडपाचा, ते फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. कच्छच्या खडकाळ टेकड्यांवर मे महिन्यात ते समोर आलं तरी ओळखू येणार नाही. पुरुषभर उंची, वेड्यावाकड्या फांद्या, अंगावर एक पान नाही. मेलंय असंच वाटावं. जवळ गेल्यावर साल दिसते. कागदासारखे पातळ पापुद्रे सुटलेले आणि त्याखाली हिरवट खोड. फांद्यांची टोकं काट्यासारखी अणकुचीदार. आणि पुष्कळदा, खोडावर डिंकासाठी मारलेल्या चाकूच्या जुन्या खुणा.

या खुणांपायीच गुग्गुळ संपत चालला आहे. झुडूप डिंक देण्याजोगं व्हायला आठ-दहा वर्षं लागतात. चीर खोल गेली, किंवा जास्त डिंकाच्या आशेने तिच्यात रसायन भरलं, की झुडूप वाळून जातं. २०१५ साली आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या लाल यादीत त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून झाली.

उरलाय कुठे, हे कळल्याशिवाय राखायचा कसा? थोर-बाभळीच्या गर्दीतलं एवढंसं झुडूप उपग्रहाच्या चित्रात वेगळं काढणं अवघड. म्हणून अभ्यासक दुसरी वाट धरतात. पाहिलेल्या झुडपांची जीपीएसवर नोंद घ्यायची, वनस्पतिसंग्रहालयांतल्या वाळवलेल्या नमुन्यांवर लिहिलेल्या गावांची भर घालायची आणि त्या जागांचं पाऊसमान, तापमान, माती, उतार संगणकाला द्यायचं. मग ‘मॅक्सेंट’सारखी प्रणाली तशाच आणखी जागा शोधून नकाशा रंगवते.

पण तिथेच फसगत होते. संगणक रंगवतो तो गुग्गुळाला मानवणारा प्रदेश, गुग्गुळ नव्हे. हवामानाची माहिती बहुधा किलोमीटरभर बाजूच्या चौकोनांत मिळते, म्हणजे एकेक चौकोन सुमारे अडीचशे एकरांचा. तो नकाशावर अख्खा हिरवा, म्हणजे गुग्गुळाजोगा, दिसला तरी जमिनीवर एखादंच झुडूप असेल, नाहीतर नुसता ‘गांडो बावळ’, म्हणजे आपली वेडी बाभूळ माजलेली असेल. शिवाय नोंदलेल्या झुडपांचे मूळ ठिपके रस्त्यालगत दाटतात, कारण नोंदी करणारी माणसं तिथवरच पोहोचतात. आडरानातलं झुडूप गुरं चारणाऱ्या मालधाऱ्याला ठाऊक असतं. त्याला सोबत घेतल्यावाचून हा नकाशा पुरा व्हायचा नाही, असं मला ठामपणे वाटतं.

आणि ठिपक्याने नुसतं ‘आहे’ म्हणून भागत नाही. गुग्गुळात नर आणि मादी झुडपं बहुधा वेगवेगळी असतात, आणि नर अगदी विरळ. तरी मादीला फळं धरतात. कशी? दिल्ली विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९९६ साली दाखवून दिलं की परागीभवन न होताही तिच्या बियांत गर्भ तयार होतो. अशा बीतून उगवतं ते आईची हुबेहूब नक्कल. म्हणजे एका टेकडीवरची पन्नास झुडपं वंशाच्या दृष्टीने एकच झुडूप असू शकतात, आणि एखादी कीड किंवा रोग त्यातल्या एकाला मारू शकला तर पन्नासांनाही मारील. या हिशेबात, वंशात वेगळेपणा आणू शकणारा एकटा नर साऱ्या टेकडीइतका मोलाचा ठरतो.

म्हणून प्रत्येक ठिपक्यासोबत लिहून ठेवायला हवं, की फूल नराचं होतं की मादीचं, चिरा ताज्या आहेत की भरून आलेल्या, आणि शेळीचं तोंड पोहोचत नाही अशा थोराच्या जाळीत एखादं रोप तगलंय का. नकाशा छापताना मात्र जागा काही किलोमीटरनी पुसट कराव्यात. नाहीतर तो नकाशा डिंक ओरबाडणाऱ्यांच्याच कामी येईल.

नव्या लागवडीलाही हीच नोंदवही लागते. गुग्गुळ फांदीच्या छाटापासून सहज लागतो. पण एकाच झुडपाचे छाट घेऊन हजार रोपं केली, तर हजार खड्ड्यांत तेच एक झुडूप लागतं. छाट घ्यायचे ते दूरदूरच्या ठिपक्यांवरून, आणि नर सापडला असेल तर त्याचेही.