गोड किती, यापेक्षा किती वेळा

मुलाच्या दाताला कीड लागली की पहिली बंदी येते चॉकलेटवर. बंदी चुकीची नाही, पण अपुरी आहे. दातांवरच्या चिकट थरातले जीवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात. तिथला सामू साधारण ५.५ च्या खाली उतरला की एनॅमलमधली खनिजं विरघळू लागतात. लाळ आम्ल सौम्य करते, खनिजं परत भरते. मात्र त्यासाठी तिला अर्धा ते एक तास निवांत मिळायला हवा. जेवणासोबत खाल्लेला एक लाडू तिला झेपतो. तासातासाला हातात पडणारं बिस्किट तिला उसंतच देत नाही. स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म संस्थेत १९४०च्या दशकात सुरू झालेल्या प्रयोगांत हेच दिसलं: जेवणातल्या साखरेने कीड थोडीच वाढली, अधल्यामधल्या चिकट टॉफ्यांनी प्रचंड. मतिमंद रुग्णांवर त्यांच्या संमतीशिवाय केलेले हे प्रयोग अमानुष होते. निष्कर्ष मात्र आजही टिकून आहे.

‘आम्ही रोज ब्रश करून घेतो’ हे उत्तर इथे पुरत नाही. फ्लोराइडयुक्त पेस्टने दोनदा घासणं आवश्यकच आहे. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. पण रात्री घासल्यानंतर साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून मूल झोपलं, तर सगळं मुसळ केरात. झोपेत लाळ जवळजवळ आटते आणि दूध वरच्या पुढच्या दातांवर साचून राहतं. वरचा ओठ उचलून पाहा: हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर ती किडीची सुरुवात असते. या टप्प्यावर ती परतवता येते. खड्डा पडल्यावर नाही.

‘दुधाचे दात, पडणारच आहेत’ हा आक्षेप सर्वांत जुना. पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत चावण्याचं काम करतात आणि नंतर येणाऱ्या कायमच्या दातांची जागा राखून ठेवतात. त्या लवकर काढाव्या लागल्या की शेजारचे दात सरकतात, नवे वेडेवाकडे येतात. शिवाय सहाव्या वर्षी त्यांच्या मागे पहिली कायमची दाढ उगवते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नसल्याने पालक तिला दुधाचीच समजतात, आणि आयुष्यभर पुरायची दाढ दुर्लक्षामुळे किडते. म्हणून गोडाला बंदीपेक्षा वेळापत्रक लावावं: गोड जेवणासोबत, मधल्या वेळेला फळ नाहीतर शेंगदाणे-फुटाणे, आणि रात्री घासल्यावर फक्त पाणी. बंदी मुलं चोरून मोडतात. वेळापत्रक मोठ्यांनाही पाळावं लागतं, म्हणून ते टिकतं.