रात्री गरबा, सकाळी कंबर

नवरात्रीत रात्री बारापर्यंत गरबा खेळणारी मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठू शकत नाही, यावर तुमचा विश्वास बसेल? आमच्या घरी कुणाचाच बसला नव्हता. खरं सांगायचं तर काही दिवसांनी माझाही बसेनासा झाला.

२०१३ मध्ये बी.ई. झाले आणि बडोद्यातच एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले. त्याच वर्षी दुखणं सुरू झालं. कंबरेच्याही खाली, बैठकीच्या आत खोलवर. एक आठवडा उजवीकडे, पुढचा आठवडा डावीकडे. पहाटे चारला जाग यायची आणि कूस बदलायची तरी पलंगाची कड धरावी लागायची. सकाळी वाकून सॅंडलचा पट्टा लावणं म्हणजे एक कामच होतं. मात्र अकरा वाजले, थोडं चालणं-फिरणं झालं, की अंग मोकळं व्हायचं. संध्याकाळी तर मी अगदी ठणठणीत.

बाबांनी नवी खुर्ची आणली. आईनं तिळाचं तेल कोमट करून महिनाभर मालीश केलं. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितलं, "काही नाही. दिवसभर कॉम्प्युटरवर बसता ना? पंधरा दिवस आराम करा." मी आराम केला आणि दुखणं दुप्पट झालं. त्यातच नवरात्र आली. मैत्रिणींनी ओढून नेलं आणि गरब्यात मला एकदम बरं वाटलं! सकाळी पुन्हा तेच. समोरच्या गुजराती काकी हसून म्हणाल्या, "राते गरबा, ने सवारे कमर!" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण त्यानंतर मी दुखतं म्हणून सांगणंच बंद केलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांचा प्रश्न

२०१९ च्या दिवाळीत डावा डोळा लालभडक झाला, ठणकू लागला. उजेड सहन होईना. "डोळे आलेत" म्हणून तीन दिवस दुकानातून आणलेले थेंब घातले. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तपासलं आणि मग विचारलं, "सकाळी उठल्यावर कंबर आखडते का? किती वेळ?"

सहा वर्षांत हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. त्या खुर्चीवर बसल्या बसल्या मला रडू आलं. डोळ्याच्या आतल्या भागाला आलेली ती सूज होती, युव्हिआयटिस. त्यांनी मला संधिवाततज्ज्ञांकडे पाठवलं. रक्ततपासणी आणि एमआरआय झाल्यावर दुखण्याला नाव मिळालं: अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस.

हे आहे तरी काय?

आपल्या शरीराची संरक्षणयंत्रणा चुकून आपल्याच सांध्यांवर उलटते, तसा हा प्रकार. पाठीचा कणा खाली कमरेच्या हाडांना जिथे जुळतो, त्या सांध्यांत सहसा सुरुवात होते. तिथे सूज येते. ती वर्षानुवर्षं राहिली तर शरीर तिथे नवं हाड घालू लागतं आणि काही जणांचे मणके एकमेकांना जुळून कणा बांबूसारखा ताठ होतो. आजार बहुधा विशी-तिशीत सुरू होतो. सुरुवातीची काही वर्षं एक्स-रेमध्ये काहीच दिसत नाही, म्हणून तर निदानाला पाच-सात वर्षं लागणं जगभर नेहमीचं आहे. त्यात हा पुरुषांचाच आजार, असा समज वैद्यकातही बराच काळ होता. त्यामुळे बायकांचं निदान आणखी मागे पडतं.

साधी पाठदुखी आणि ही पाठदुखी यांतला फरक अगदी उलटा आहे. मणक्यावर ताण आला असेल तर आरामानं बरं वाटतं. इथे आरामानं वाढतं आणि हालचालीनं कमी होतं. म्हणजे गरबा हा माझ्या खोटेपणाचा पुरावा नव्हता, तेच आजाराचं लक्षण होतं.

आजोबांचा फोटो

डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाला?" मी "नाही" म्हटलं. घरी आल्यावर भिंतीवरचा आजोबांचा फोटो दिसला. कमाटीबागेतला, पन्नाशीच्या आतला. पाठ पुढे वाकलेली, आणि कॅमेऱ्याकडे बघण्यासाठी नजर वर उचललेली. घरात सगळे म्हणत, "बँकेत खातेवह्यांवर वाकून वाकून तसे झाले." त्यांची तपासणी कधी झालीच नाही, म्हणून खात्रीनं काही म्हणता येत नाही. पण आमचे डॉक्टर तो फोटो बराच वेळ पाहत होते.

एचएलए-बी२७ या जनुकाशी या आजाराचं नातं आहे, हे १९७३ मध्ये लक्षात आलं. मात्र हे जनुक असलेल्या बहुतेकांना आजार कधीच होत नाही. त्यामुळे घाबरून घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायला धावू नका. दुखणं असेल तर जा.

आता कशी आहे?

हा आजार मुळापासून जात नाही, पण आटोक्यात राहतो. सूज उतरवणाऱ्या गोळ्या पहिली पायरी. त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्यायच्या, कारण पोटावर आणि मूत्रपिंडावर त्यांचा परिणाम होऊ शकतो. तेवढ्यानं भागलं नाही तर बायोलॉजिक इंजेक्शनं असतात, आणि ती सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी करतात. त्यांतल्या अडॅलिम्युमॅबची भारतीय आवृत्ती अहमदाबादच्या झायडस कंपनीनं २०१४ मध्ये मूळ औषधापेक्षा बऱ्याच कमी किमतीत आणली. तरी खर्च आहेच, आणि त्याचा विचार घरच्यांनी मिळून करावा लागतो.

औषधाइतकाच महत्त्वाचा व्यायाम. मी रोज सकाळी अर्धा तास पाठीचे, मानेचे आणि छाती फुगवून श्वास घेण्याचे व्यायाम करते, आठवड्यातून दोनदा पोहते. ऑफिसात दर चाळीस मिनिटांनी उठते. तंबाखू आणि सिगारेट या आजाराला फारच वाईट. काही सकाळी अजूनही आखडते. तेव्हा मी घरात तसं सांगते. लपवत नाही.

हे आत्ता का लिहिते आहे?

गेल्या गणपतीत आत्याकडे सकाळच्या आरतीला आतेभाऊ बाहेर आलाच नाही. एकवीस वर्षांचा मुलगा. आत्या चिडून म्हणाली, "रात्रभर मोबाइल, मग उठणार कसा?" मी आत गेले. तो पलंगाच्या कडेला बसून होता. हळूच म्हणाला, "ताई, मला सकाळी वाकताच येत नाही गं."

मी त्याला जे प्रश्न विचारले, तेच तुम्हीही तुमच्या घरातल्या तरुण मुलामुलींना विचारा:

• दुखणं हळूहळू सुरू होऊन तीन महिन्यांहून जास्त दिवस टिकलंय का?
• सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून जास्त राहतो का?
• हालचालीनं बरं आणि बसून राहिल्यानं वाईट वाटतं का?
• रात्रीच्या उत्तरार्धात दुखण्यानं जाग येते का?
• डोळा कधी लाल होऊन ठणकला होता का? घरात कुणाला असा त्रास?

बहुतेक उत्तरं 'हो' आली तर संधिवाततज्ज्ञांना एकदा दाखवा.

आत्याची अडचण वेगळी होती. "लग्नाचं बघायचंय अजून. कुठे बोलू नका." तिची काळजी मला कळते, माझ्या लग्नाच्या वेळी आईचीही तीच होती. मी होणाऱ्या नवऱ्याला पहिल्या भेटीतच सगळं सांगितलं होतं आणि तो दुसऱ्या भेटीला एमआरआयचा अहवाल वाचून आला होता. आत्याच्या शब्दाखातर भावाचं नाव इथे घातलेलं नाही. स्वतःबद्दल मात्र उघड लिहिते आहे.

त्याचं निदान चार महिन्यांत झालं. कण्याला अजून काही इजा नाही. दवाखान्यातून बाहेर पडल्या पडल्या त्याचा फोन आला, "ताई, त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला. सकाळचा."

मे महिन्यातला पहिला शनिवार या आजाराच्या जनजागृतीचा दिवस म्हणून जगभर पाळतात. त्या दिवशी आम्ही दोघं सकाळी सात वाजता कमाटीबागेत चालायला जाणार आहोत. ज्यांची कंबर सकाळी आखडते, त्यांनी जरूर यावं. आम्ही हळू चालतो.