पाय हलतोय ना?

मणक्याचं ऑपरेशन सुचवलं की घरचे पहिल्यांदा विचारतात, पाय तर जाणार नाहीत ना? भीती रास्त आहे. मणक्यांच्या पोकळीतला मज्जारज्जू जेमतेम करंगळीएवढा जाड. पायांकडे जाणारा प्रत्येक हुकूम आणि तिथून येणारी प्रत्येक संवेदना त्यातूनच जाते. त्याला इजा होत असेल तर ते सांगू शकणारा रुग्ण मात्र भुलीखाली असतो. इजा कळते भूल उतरल्यावर, आणि तोवर अनेकदा उशीर झालेला असतो.

हा पेच सर्वांत तीव्र झाला तो पाठीच्या बाकाच्या शस्त्रक्रियांत. ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओने वाकलेले कणे धातूच्या रॉडने सरळ करायला सुरुवात केली आणि १९६२ मध्ये ही पद्धत सविस्तर मांडली. कणा ताणला की आतला रज्जू आणि त्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्याही ताणल्या जाणार. फ्रान्समध्ये व्होझेल, स्तान्यारा आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये यावर जो उपाय प्रसिद्ध केला, तो आज वाचतानाही अंगावर काटा येतो. रॉड बसवल्यावर भूल हलकी करायची आणि पाठ उघडी असतानाच रुग्णाला हाक मारायची: मूठ आवळ, आता पाय हलव. पाय हलले की पुन्हा गाढ झोपवायचं. रुग्णाला याची आधी नीट कल्पना दिलेली असे आणि बहुतेकांना नंतर वेदना आठवत नसत. मला हा उपाय धाडसी आणि प्रामाणिक वाटतो. पण त्यातून त्या एका क्षणाचंच कळतं. दहा मिनिटांनी काही बिघडलं तर? आणि सूचना न समजणाऱ्या लहान मुलाचं काय?

म्हणून रुग्णाला न उठवता विचारायची वाट शोधणं भाग होतं. घोट्यापाशी मज्जातंतूला विजेचे सौम्य झटके दिले, तर साधारण ४० मिलिसेकंदांत त्याचा पडसाद डोक्यावरच्या इलेक्ट्रोडमध्ये उमटतो. मेंदूच्या स्वतःच्या विद्युतलहरींत तो बुडून जातो, म्हणून शेकडो पडसादांची सरासरी काढावी लागते. १९७०च्या दशकात हे तंत्र ऑपरेशन थिएटरमध्ये पोचलं. पडसादाच्या लाटेची उंची निम्म्याने घटली किंवा तिला दहा टक्के उशीर झाला, तर धोका मानायचा, हा दंडक आजही चालतो.

त्यात एक घातक उणीव होती. हा पडसाद रज्जूच्या मागच्या भागातून चढतो. हालचालीचे हुकूम नेणारे तंतू वेगळ्या भागात असतात आणि त्यांना रक्तही मुख्यतः पुढच्या धमनीतून मिळतं. म्हणजे पडद्यावर सगळं ठीक दिसत असताना पाय लुळे पडू शकत. १९८० मध्ये मर्टन आणि मॉर्टन यांनी कवटी न उघडता, वरून विजेचा धक्का देऊन जाग्या माणसाचे स्नायू हलवून दाखवले. भुलीखाली मात्र एकटा धक्का पुरत नाही. १९९०च्या दशकात लागोपाठ धक्क्यांची छोटी मालिका द्यायची युक्ती रुळली, आणि मेंदूकडून पायाकडे जाणारा रस्ताही तपासता येऊ लागला. धक्का कित्येकशे व्होल्टचा असतो. जबडा आवळून जीभ चावली जाऊ नये म्हणून दातांमध्ये मऊ बोळे ठेवतात.

यात भूलतज्ज्ञाचा वाटा फार मोठा, आणि तो बाहेर कुणाला दिसत नाही. हुंगवायची भूल हे सिग्नल दाबते, म्हणून प्रोपोफॉल शिरेतून देत राहायचं. स्नायू सैल करणारं औषध श्वासनलिकेत नळी घालण्यापुरतंच. सिग्नल पडला की रक्तदाब वाढवायचा, इलेक्ट्रोड निसटला नाही ना ते पाहायचं, शेवटचा स्क्रू काढायचा, ताण सैल करायचा. हे सगळं काही मिनिटांत.

१९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत बाकाच्या ५१,२६३ शस्त्रक्रियांचा हिशेब आहे. अशा सिग्नल-तपासणीचा, म्हणजे मॉनिटरिंगचा, दांडगा अनुभव असलेल्या चमूंकडे मज्जासंस्थेच्या इजा नवख्या चमूंच्या तुलनेत निम्म्याहून कमी होत्या. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. यंत्र दोन्हीकडे होतं. फरक पडला तो लाट वाचणाऱ्या माणसामुळे. यंत्र विकत घेऊन ते चालवायला प्रशिक्षित माणूस न नेमणं म्हणजे रुग्णाला खोटा दिलासा देणं. मणक्यांमधल्या गादीच्या साध्या ऑपरेशनला बहुधा या साऱ्याची गरज नसते. रज्जूतल्या गाठीला किंवा मोठ्या बाकाला असते.

मेंदूच्या ऑपरेशनमध्ये भाषेचा भाग जवळ असेल तर मात्र अजूनही रुग्णालाच जागं ठेवावं लागतं, कारण भाषेची जागा झोपेत सापडत नाही. मेंदूला स्वतःला वेदना जाणवत नाही. कातडी आणि मेंदूवरचं आवरण बधिर केलं की पुरतं. मॉन्ट्रिऑलच्या वाइल्डर पेनफिल्ड यांनी याच मार्गाने मेंदूचे नकाशे काढले. एका बिंदूला विजेचा हलका स्पर्श केल्यावर रुग्णाला दाखवलेल्या चित्रातल्या वस्तूचं नाव अडलं, तर तो बिंदू वाचवायचा. ओजेमन आणि व्हिटेकर यांनी १९७८ मध्ये दाखवलं, की दोन भाषा बोलणाऱ्याच्या मेंदूत दोन्हींच्या काही जागा वेगवेगळ्या असू शकतात. घरी मराठी आणि कामावर इंग्रजी बोलणाऱ्या माणसाची फक्त इंग्रजीत चाचणी घेतली, तर मराठीची जागा नकळत कापली जाण्याचा धोका राहतो. म्हणून रुग्ण कोणत्या भाषेत हिशेब करतो, मुलांशी कोणत्या भाषेत बोलतो, हे घरच्यांनी ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांना सांगावं, आणि चित्रांची मराठी चाचणी तयार आहे का, हेही स्पष्ट विचारावं.