खुन्यांची नावं दगडावर आहेत, पण कारण?

जपानी रहस्यकथांच्या चाहत्यांना ‘गोकुमोन बेट’ हे नाव नवं नाही. सेइशी योकोमिझो यांची ही कादंबरी 1947-48 मध्ये मासिकातून क्रमशः आली. इंग्रजीत यायला मात्र 2022 साल उजाडलं! युद्धावरून परतताना जहाजावरच प्राण सोडणारा एक तरुण आपल्या मित्राला, म्हणजे डिटेक्टिव्ह किंदाइची कोसुकेला सांगतो, ‘मी घरी पोचलो नाही तर माझ्या तिन्ही बहिणींचा खून होईल.’ किंदाइची त्या बेटावर जातो आणि... पुढचं सांगत नाही, ज्यांनी वाचलेलं नाही ते मला माफ करणार नाहीत. बेट एवढंसं, माणसं मोजकी, आणि सगळ्यांवर सावली एका बड्या घराण्याची, ज्याचा थोरला वारस नुकताच गेलाय.

थोरला वारस जाण्याचा असाच एक किस्सा तंजावरच्या चोळ राजघराण्यात हजार वर्षांपूर्वी घडला. तो मात्र खराखुरा.

सुंदर चोळ राजाला तीन मुलं. थोरला आदित्य करिकालन, मग मुलगी कुंदवै आणि धाकटा अरुळमोळी. आदित्य युवराज होता, शूर होता. पांड्य राजाचं डोकं उडवणारा अशी बिरुदं मिरवायचा. इ. स. 970 च्या आसपास त्याचा खून झाला. गादी मिळायला हवी होती अरुळमोळीला, पण ती गेली वडिलांच्या चुलत भावाकडे, उत्तम चोळाकडे. अरुळमोळी राजा झाला थेट 985 मध्ये. हाच तो राजराज चोळ, तंजावरचं बृहदीश्वर मंदिर बांधणारा.

आता पुरावा बघू. चिदंबरमपासून साधारण 25 किलोमीटरवर काट्टुमन्नारकोविल नावाचं गाव आहे. तिथल्या उडैयारगुडीच्या अनंतेश्वर मंदिरात राजराजाच्या कारकिर्दीच्या दुसऱ्या वर्षाचा एक शिलालेख आहे. करिकालनाला मारणाऱ्या राजद्रोह्यांच्या आणि त्यांच्या नातेवाइकांच्या जमिनींचं काय करायचं, याचा हा राजाचा हुकूम. आणि त्यात नावं आहेत! सोमन, त्याचा भाऊ रविदासन, आणखी एक भाऊ परमेश्वरन.

म्हणजे गंमत बघा. रहस्यकथेत शेवटच्या पानावर खुन्याचं नाव कळतं. इथे नाव पहिल्याच पानावर आहे, आणि ‘का मारलं?’ यावर दगड गप्प आहे.

दोन धागे मात्र त्याच लेखात सापडतात. रविदासनची पदवी होती ‘पंचवन ब्रह्माधिराजन’. पंचवन म्हणजे पांड्य. मग हा पांड्य राजाच्या मृत्यूचा सूड होता का? पण भावाची पदवी ‘इरुमुडिचोळ ब्रह्माधिराजन’, म्हणजे चोळांच्या दरबारी थाटाची. शत्रूची माणसं की घरचीच?

इतिहासकार नीलकंठ शास्त्री यांनी 1935 च्या आपल्या ‘द चोळाज’ या ग्रंथात उत्तम चोळाकडे संशयाचं बोट दाखवलं. फायदा त्याचाच झाला, आणि त्याच्या काळात खुन्यांना शिक्षा झाल्याचं दिसत नाही, हा त्यांचा तर्क. राजराजाचा मुलगा राजेंद्र याच्या तिरुवालंगाडू ताम्रपटातही सांगितलंय की काकाला राज्य हवं होतं म्हणून अरुळमोळी बाजूला राहिला. वाचताना वाटतं, खटला संपला!

पण सदाशिव पंडारथार यांच्यासारख्या अभ्यासकांना हे पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही पटत नाही. भावाच्या खुन्याच्या मुलाला कोणी कामावर ठेवेल? राजराजाने उत्तम चोळाच्या मुलाला देवळांच्या कारभारावर नेमलं होतं. उत्तमची आई सेंबियन महादेवी शेवटपर्यंत मानाने जगली. एवढंच नाही, तर राजराजाच्या स्वतःच्या मुलाचं, म्हणजे राजेंद्राचं, मूळ नाव ‘मधुरांतक’. तेच उत्तम चोळाचंही नाव! मनात वैर असताना कोणी असं नाव ठेवेल का? राजकारणात काहीही होतं म्हणा, पण मला तरी हा धागा जड वाटतो.

तमिळ लेखक कल्की यांचा जन्म जुन्या तंजावर जिल्ह्यातलाच. 1950 पासून त्यांनी ‘पोन्नियिन सेल्वन’ ही पाच भागांची कादंबरी साप्ताहिकातून लिहिली. मणिरत्नमचे 2022 आणि 2023 चे चित्रपट तिच्यावरच आहेत. त्यातली नंदिनी कल्पनेतली, पण रविदासन दगडावरचा. गंमत म्हणजे, एवढ्या पानांनंतरही घाव नेमका कोणी घातला, हे कल्कींनी धूसरच ठेवलं.

आपली मराठी मंडळी तंजावरला गेली की मोठ्या देवळात भोसल्यांचा 1803 चा भलामोठा मराठी शिलालेख शोधतात. तो बघाच. पण एक दिवस जास्त असेल तर कुंभकोणममार्गे उडैयारगुडीलाही जा. जवळच वीराणम तलाव आहे. कल्कींच्या कादंबरीतला घोडेस्वार वंदियदेवन पहिल्याच प्रकरणात याच तलावाच्या बांधावरून दौडत येतो.