दोर सैल कधी सोडायचा

लग्नसराईत सोलापूरच्या नवी पेठेतून वरात निघाली की रस्ता तुंबतो. दुकानांच्या पायऱ्यांवर बघ्यांची गर्दी, मधेच अडकलेल्या रिक्षा, पुढे बँड, त्याच्याही पुढे फटाक्यांची माळ. या सगळ्या गोंगाटात नवरदेवाला पाठीवर घेऊन घोडी उभी असते. बघणारे म्हणतात, "गरीब आहे हो जनावर." पण जन्मतः इतका गरीब घोडा सहसा सापडत नाही. तिचा शांतपणा कुणीतरी घडवलेला असतो आणि तो घडवायचे दोन मार्ग आहेत. एक विश्वास कमावण्याचा, दुसरा जनावराची उमेद मोडण्याचा. लांबून दोन्ही घोडे सारखेच दिसतात. जवळून मात्र फरक कळतो. तो कळावा असं मला मनापासून वाटतं, म्हणून घोडा शिकवण्याच्या या जुन्या विद्येबद्दल थोडं सविस्तर लिहितो आहे.

घोडा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. त्याला शिंगं नाहीत, नखं नाहीत. उघडं माळरान, चार पाय आणि कळप एवढ्याच्या बळावर ही जात टिकली. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. फक्त कपाळासमोरचा अगदी जवळचा भाग आणि शेपटीमागची पट्टी दिसत नाही. म्हणून जाणता माणूस घोड्याच्या नाकासमोर थेट चालून जात नाही आणि मागून तर येतच नाही. तो खांद्याच्या बाजूने तिरका येतो, हलक्या आवाजात बोलत येतो. घोड्याच्या अंगावर एक माशी बसली तरी नेमकी तेवढ्याच जागेची कातडी थरथरते. ज्या जनावराला माशीचं वजन कळतं, त्याला काही सांगायचं तर काठीच हवी, हे मला कधी पटलेलं नाही.

या शिकवणीचा गाभा दोन गोष्टींत आहे, दाब आणि सुटका. ऐकायला सोपं वाटतं. करताना माणसाचीच परीक्षा होते.

समजा दोन वर्षांचं शिंगरू आहे. तोंडात लगाम नाही, डोक्याला फक्त मोहरकी आणि तिला लांब दोर. शिकवणारा त्याच्या खांद्याजवळ उभा राहतो आणि दोर दोन बोटांत धरून पुढच्या दिशेने ताणतो. हिसका मारत नाही, दोर फक्त सरळ होईल इतकाच ताण देतो. शिंगरू काय करतं? मान वर करतं आणि मागे रेटतं. प्रत्येक घोडा आधी हेच करतो. दाब आला की त्याच्या उलट रेटा देणं हा त्याचा स्वभाव. इथे नवशिक्या माणूस चिडतो, जोर वाढवतो आणि ओढाताण सुरू होते. चारशे किलोंच्या जनावराशी ओढाताणीत माणूस जिंकत नसतो. जाणता माणूस ताण वाढवतही नाही आणि कमीही करत नाही, थांबून राहतो. एक मिनिट, कधी दोन. शिंगरू कान मागे-पुढे करतं, एका बाजूला मान वळवून पाहतं, आणि मग पाय न उचलता अंगाचं वजन जरासं पुढच्या पायांवर घेतं. बघणाऱ्याला काहीच घडलेलं दिसत नाही. शिकवणाऱ्याला दिसतं आणि त्याच क्षणी तो दोर सैल सोडतो.

शिकवण त्या सुटकेत असते. घोडा ताणामुळे शिकत नाही, ताण जाण्यामुळे शिकतो. आपण असं केलं की त्रास थांबतो, हे त्याला उमगतं. म्हणून पूर्ण पाऊल पडेपर्यंत थांबायचं नाही, पाऊल टाकण्याचा विचार दिसला की सोडायचं. दुसऱ्या वेळी वजन लवकर पुढे येतं, तिसऱ्या-चौथ्या वेळी अर्धं पाऊल पडतं. सोडायला एक-दोन सेकंदांचा उशीर झाला तर घोडा सुटकेचा संबंध भलत्याच गोष्टीशी जोडतो. त्याने डोकं झटकलं आणि नेमका तेव्हा तुमचा हात सुटला, तर डोकं झटकायचं शिक्षण तुम्हीच दिलंत. पुष्कळ 'खोडकर' घोडे अशाच उशिरा सुटलेल्या हातांनी तयार केलेले असतात.

हळूहळू दोराची गरजही कमी होते. माणसाने छाती घोड्याच्या मागच्या अंगाकडे वळवून सरळ उभं राहिलं की घोडा पुढे निघतो. खांदे सैल करून, नजर खाली घेऊन एक पाऊल मागे सरकलं की तो वळून माणसाकडे येतो. कळपात घोडे एकमेकांशी असंच बोलतात. एक घोडी कान मागे पाडून मान पुढे करते, दुसरी बाजूला होते, आणि पहिलीचे कान लगेच सरळ होतात. तिथेही दाब आणि सुटकाच असते; माणूस फक्त ती भाषा उसनी घेतो.

घोडा आपलं अंग किती बारीक वाचतो याचा गाजलेला दाखला बर्लिनचा आहे. विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाच्या शिक्षकाचा हान्स हा घोडा बेरजा-वजाबाक्यांची उत्तरं टापा आपटून देत असे. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने त्याचं गुपित उलगडलं. घोड्याला गणित येत नव्हतं. बरोबर आकड्याला विचारणाऱ्याचं डोकं नकळत जरासं हले आणि ते पाहून हान्स थांबे. लोकांनी यातून हान्स फसवा होता एवढंच लक्षात ठेवलं. मला त्यातलं दुसरं सत्य जास्त मोलाचं वाटतं. माणसाला स्वतःलाही न कळणारी हालचाल घोड्याला कळत होती. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घोड्यांना माणसांचे फोटो दाखवले होते; चेहरा रागीट असला की घोडे तो अधिक करून डाव्या डोळ्याने पाहत आणि त्यांच्या हृदयाचे ठोके लवकर वाढत. तेव्हा घरून राग घेऊन पागेत आलेला माणूस काहीही बोलण्याआधीच घोड्याला सगळं सांगून बसलेला असतो.

दाब आणि सुटकेची ही पद्धत अमेरिकेतून आली असं हल्ली समजतात. टॉम डोरन्स आणि रे हंट यांनी विसाव्या शतकात तिकडच्या गुराख्यांमध्ये ती पुन्हा रुजवली हे खरं, आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण घोड्याला रागाच्या भरात हात लावू नये, तो ज्या वस्तूला बुजतो ती मारून-मुटकून नव्हे तर शांतपणे दाखवावी, हे ग्रीक सेनानी झेनोफोनने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच लिहून ठेवलं आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचं स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात स्वारीच्या घोड्याच्या पाच प्रकारच्या चाली सांगितल्या आहेत आणि पाचवी, नारोष्ट्र, म्हणजे इशाऱ्याबरहुकूम चालणं. सोलापूरला याहून जवळचा धागा कल्याणीचा आहे. आपला हा मुलूख ज्या चालुक्यांच्या राज्यात होता त्यांच्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' रचला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये घोड्यावर बसून चेंडू खेळण्याच्या खेळाचं वर्णन येतं. एका हातात काठी, नजर चेंडूवर, आजूबाजूला दुसरे घोडे. असा खेळ नुसत्या लगामाच्या हिसक्यांवर होत नाही. बसणाऱ्याच्या मांडीचा आणि तोलाचा इशारा घोड्याला कळावाच लागतो.

भीमेच्या खोऱ्याने तर स्वतःची घोड्याची जातच दिली. भीमथडी घोडा बुटका, काटक, थोडक्या चाऱ्यावर भागवणारा. मराठ्यांच्या फौजांची ओळख त्याच्या टापांशी जोडलेली आहे. आज तो मुख्यतः धनगरांच्या वाड्यांबरोबर, पाठीवर संसार घेऊन चालताना दिसतो. देशी घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून त्याची अधिकृत नोंदही अलीकडे झाली. मेंढरं, कुत्री, कोंबड्या आणि पोरं यांच्या मधून हा घोडा बहुतेक वेळा सैल दोरावर चालतो. त्याला कुणी मुद्दाम शाळेत घातलेलं नसतं. जन्मल्यापासून माणसांत वावरल्यामुळे आणि रोज तेच हात अंगावरून फिरल्यामुळे तो तसा होतो.

आणि सैल दोरच काय, मुळीच दोर नसलेला घोडा पाहायचा असेल तर आषाढात आपल्याच जिल्ह्यात थांबावं. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यातले दोन अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांच्या वाड्यातून येतात. आळंदीपर्यंतचा त्यांचा प्रवासही पायी असतो. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात सोहळ्याला आजचं रूप दिलं, तेव्हापासून या घराण्याची ही सेवा चालत आली आहे. एका अश्वावर पताका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याच्या पाठीवर कुणीच नसतं, ती जागा माउलींची. धर्मपुरीला सोहळा जिल्ह्यात येतो आणि पुढे पुरंदवड्याला, खुडूस फाट्याला गोल रिंगण होतं. टाळ-मृदंगाचा कल्लोळ, हजारो पताका, चारही बाजूंनी माणसांची भिंत, आणि मधल्या वाटेने रिकाम्या पाठीचा तो अश्व भरधाव धावतो. फेऱ्या झाल्या की लोक धावत जाऊन टापांखालची माती कपाळाला लावतात.

वारकऱ्यासाठी तिथे माउली धावत असतात आणि त्या श्रद्धेपुढे मीही हात जोडतो. पण घोड्याच्या बाजूनेही तो क्षण पाहावा. पळून जाण्यासाठी जन्मलेला प्राणी, लगाम धरायला कुणी नाही, आवाज छातीत घुमतो आहे, तरी तो गर्दीत घुसत नाही. पुढे धावणारा स्वाराचा घोडा हा त्याचा कळप असतो. त्याच्या मागे राहणं त्याला सुरक्षित वाटतं. आणि मैलोन् मैल रोज माणसांच्या सोबतीने चालल्यामुळे टाळांचा आवाज म्हणजे संकट नव्हे हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं. धाक दाखवून हे साधत नाही. धाकाने शिकवलेला घोडा मोकळा सुटला की मोकळाच होतो.

आता पुन्हा नवी पेठेतल्या घोडीकडे येऊ. ढोल आणि फटाके यांची सवय कशी लावतात? नीट लावणारा माणूस हलगी आधी लांब, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला वाजवायला लावतो. घोडी कान टवकारते, मान उंच करते. तिला तोंड फिरवू देतात, दोन पावलं चालवतात. तिचा श्वास खाली आला, मान उतरली, तोंड चघळल्यासारखं हललं, की हलगी बंद होते. शांत झाल्यावर आवाज जातो, हा धडा. मग हलगी थोडी जवळ येते. उलट घोडी उधळल्यावर आवाज थांबवला, तर उधळलं की सुटका होते हा धडा ती घेते. हे काम काही आठवडे, कधी काही महिने मागतं. त्याला खर्च येतो आणि लग्नसराई कुणासाठी थांबत नाही. म्हणून दुसरी वाट घेतली जाते: घोडीला आखूड बांधायचं आणि ती थकून थिजेपर्यंत भोवती आवाज करत राहायचं. पळता येत नाही, काही केलं तरी त्रास थांबत नाही, हे कळलं की जनावर प्रयत्नच सोडतं. मग ते हलत नाही. लोक म्हणतात, शिकलं.

दोन्ही शांतपणांतला फरक डोळ्यांना दिसतो. विश्वासाने उभ्या घोडीचे कान हलत असतात, एक तुमच्याकडे, एक बँडकडे. ओठ सैल, मान खांद्याच्या उंचीला, एखादा मागचा पाय आरामात टेकलेला. थिजलेल्या घोडीचे कान बाजूला पडून तसेच राहतात, डोळा उघडा पण कुठेच नसतो, किंवा डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसतो. नाकपुड्या ताठ, जबडा आवळलेला, उन्हात चाललेली नसतानाही अंगाला घाम. थिजलेली घोडी जास्त धोकादायकही असते, कारण तिच्यातली भीती गेलेली नसते, ती साचलेली असते. ज्या दिवशी ती फुटते त्या दिवशी पाठीवर नवरदेव असतो आणि पुढे लहान पोरं नाचत असतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. दाब आणि सुटका ही पद्धत आपोआप प्रेमळ होत नाही. काट्यांचा लगाम ओढून सोडणं हाही दाब आणि सुटकाच. घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मधे बिनदातांची हिरडी असते. लगामाची कडी तिथे टेकते. त्या नाजूक जागेवर टोकं रुतवली तर घोडा थांबतोच. पण तो वेदनेला थांबतो, माणसाला नाही. चांगल्या शिकवणाऱ्याची ओळख त्याचा दाब किती कमीपासून सुरू होतो आणि वर्षागणिक किती कमी होत जातो, यावर करावी. अकलूजच्या घोडेबाजारात किंवा सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे. नाचकाम जरूर पाहा, पण त्याआधी मालकाला घोडा सैल दोरावर वीस पावलं चालवून थांबवायला सांगा. दोर न ताणता थांबला, तर त्या घोड्याला आणि त्या माणसाला दोघांनाही काहीतरी येतं.

कायदाही या बाबतीत मोघम नाही. प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम १९६० सालचा. त्याखाली १९६५ साली ओढकाम आणि ओझेवाहू जनावरांसाठी नियम झाले. त्यातल्या आठव्या नियमाने जनावर हाकायला, त्यावर बसायला किंवा त्याला आवरायला काटेरी काठी, काटेरी लगाम किंवा जखम करणारं कोणतंही टोकदार साहित्य वापरायला बंदी आहे. हा नियम वरातीच्या घोडीलाही लागू आहे.

तेव्हा घरात लग्न ठरलं आणि घोडी सांगायला गेलात, की दराची घासाघीस करण्याआधी घोडेवाल्याला लगाम दाखवायला सांगा. कडी हातात घ्या आणि तिच्यावरून बोट फिरवा. गुळगुळीत असेल तर पैसे ठरवा. टोकं लागली तर ती घोडी सांगू नका, आणि का सांगत नाही ते त्याला तोंडावर सांगा.